‘अगदी आपल्या खरवसासारखं!’

गेल्या मंगळवारी कँटीनमध्ये टीममधली एक मुलगी मोबाईलवर इटलीचे फोटो दाखवत होती. कोलोसियम झालं, व्हेनिसची होडी झाली, पिसाच्या मनोऱ्याला तळहाताने टेकू देतानाचा फोटो झाला (तो काढल्याशिवाय इटलीवाले बहुधा परतीचा शिक्काच मारत नाहीत). मग एक पांढराशुभ्र, थुलथुलीत, वर लाल सॉस ओतलेला पदार्थ आला.

"हे काय गं?" कोणीतरी विचारलं.

"नाव विसरले. पण काय भारी होतं! अगदी आपल्या खरवसासारखं. मी तर जवळजवळ रोज खाल्लं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. खरवस म्हटल्यावर सगळ्यांना सगळं कळलं. पुढचा फोटो.

ही मुलगी अंडंसुद्धा खात नाही. कोणाच्या वाढदिवसाचा केक आला की बॉक्सवरचा हिरवा ठिपका बघितल्याशिवाय तुकडा उचलत नाही. आणि फोटोतला पदार्थ होता पन्ना कोट्टा. तो घट्ट होतो जिलेटिनमुळे. जिलेटिन काढतात जनावरांच्या कातडी-हाडांपासून.

मी काही बोललो नाही. डबा बंद केला आणि जागेवर येऊन बसलो. का बोललो नाही ते शेवटी सांगतो. पण "अगदी आपल्या अमुकसारखं" ह्या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे आणि ते आज ह्या पानावर काढायचंच असं मंगळवारपासून ठरवलंय. भांडणाची सुरुवात माझ्याच घरातून आहे, त्यामुळे आधी स्वतःची चूक सांगतो. मग तुमच्याकडे वळतो :-)

तर झालं असं. 2018 साली प्रोजेक्टसाठी मी तीन महिने इस्तंबूलला होतो. एप्रिलमध्ये आई आणि बायको दहा दिवसांसाठी आल्या. आई तेव्हा चौसष्ट वर्षांची. माहेर चिपळूणजवळचं, घरात गाई-म्हशी, त्यामुळे खरवस ह्या विषयात तिचा शब्द शेवटचा. पहिल्या दिवसाचा चीक असेल तर दूध किती घालायचं, तिसऱ्या दिवसाचा असेल तर किती, गूळ की साखर, हे सगळं तिला नुसतं चिकाकडे बघून कळतं. आणि अर्थात पक्की शाकाहारी. अंडं नाही, केकसुद्धा ‘बिनअंड्याचा’ असं दोनदा ऐकल्याशिवाय नाही.

एमिनोन्यूहून बोटीने आम्ही काडिकॉयला जायचो. आईला ती बोट फार आवडली. समुद्रपक्षी बोटीबरोबर उडत यायचे, लोक त्यांना सिमितचे तुकडे फेकायचे, आणि ती कंबरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यातला बिनदुधाचा चहा घेऊन बसायची. काडिकॉयला उतरल्यावर एक दुकान होतं. तिकडे दुधाच्या गोड पदार्थांची खास दुकानं असतात, त्यांना मुहल्लेबीजी म्हणतात. काचेमागे पांढऱ्या पदार्थांच्या ओळी. आईने एकाकडे बोट दाखवलं. पांढरी, जाडसर, गुंडाळी केलेली वडी, वर दालचिनीची पूड.

मी तोपर्यंत तुर्कीतली दोन वाक्यं शिकलो होतो, त्यातलं एक वेटरवर झाडलं: "एत योक?" म्हणजे, मांस नाही ना? तो हसला. "योक, योक." दुधाच्या दुकानात येऊन हा मांसाचं काय विचारतोय, असा भाव.

आईने चमचा घातला. चमचा वर उचलला तर वडी तुटेना, तिचे मऊ धागे लांबत गेले. तिने खाल्लं, डोळे मिटले, आणि म्हणाली, "काय रे हे? इतकं मऊ, आणि तरी चावायला लागतंय."

आणि मी, सगळं कळत असल्याच्या थाटात, म्हणालो, "काही नाही गं, यांचा खरवस."

संपलं. पाच वर्षांच्या गोंधळाचं मूळ ते पाच शब्दांचं वाक्य. त्यानंतर कोणी पदार्थाचं नाव विचारलं नाही. काचेवर चिकटवलेली पाटी वाचली नाही. फोटो काढला तो रिकाम्या बशीचा, कारण तोपर्यंत आईने संपवलं होतं. दहा दिवसांत आम्ही तिथे तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा मी बोट दाखवून ऑर्डर दिली.

पुण्याला परत आल्यावर आईने तो ‘तुर्कस्तानचा खरवस’ करायला घेतला. आधी खऱ्या चिकाचा केला. छान झाला, पण खरवस झाला. मग कंडेन्स्ड मिल्क आणि दही घालून वाफवला. मग कॉर्नफ्लॉवर, मग तांदळाची पिठी, मग चायना ग्रास. चव जवळ जायची, पण तो धागा काही येईना. दर वेळी चमचा वर उचलून बघायची आणि वडी टपकन तुटायची. "हात गेला रे माझा," म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचो. आज ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

दरम्यान मी माझ्या परीने शोध घेत होतो. आता आपल्या धंद्यातल्या माणसांना हे कळेल. शोधयंत्राला नाव दिलं की ते माहिती देतं. माहिती दिली की नाव देईलच असं नाही. डेटाबेसमध्ये प्रायमरी की माहीत नसेल आणि हातात फक्त "पांढरं, गोड, ताणलं जातं" एवढेच तीन कॉलम असतील, तर हजार ओळी परत येतात. त्यातून चाळत बसलो.

सुतलाच निघाला, पण ती भाताची खीर, बहुतेक वेळा वरून भाजलेली. आमच्यात शीत नव्हतं. मुहल्लेबी निघाली, दूध आणि तांदळाची पिठी, पण गुळगुळीत. केश्क्यूल निघालं, त्यात बदाम. नावाची गंमत अशी की ते दर्वेश-फकिरांच्या भिक्षापात्रावरून, कश्कुलावरून, आलंय. ग्युल्लाच निघालं, दुधात भिजवलेल्या स्टार्चच्या पातळ पापुद्र्यांचं, रमझानमध्ये खास होणारं. मग मराश गावचं ताणलं जाणारं आईस्क्रीम सापडलं. त्यात सालेप म्हणजे ऑर्किडच्या कंदाचं पीठ असतं आणि त्यानेच तो चिवटपणा येतो. मी युरेका ओरडलो. दोन वर्षं आईला छातीठोकपणे सांगत होतो, "आई, त्यात ऑर्किडचा कंद असतो, म्हणून तुला जमत नाहीये."

सगळ्यात जवळ गेलो ते कझानदिबीपाशी. शब्दशः कढईचा तळ. म्हणजे आपण जिला खरवड म्हणतो ती, मुद्दाम तळाला करपवलेली, वडीसारखी गुंडाळून देतात. तिच्या कृतीत एके ठिकाणी ‘कोंबडी’ असा शब्द दिसला. भाषांतर करणाऱ्या यंत्राची चूक समजून मी पुढे गेलो. पुरावा हातात होता. डोक्यात खरवस होता. डोकं जिंकलं.

2023 साली एका कॉलवर, क्लायंट यायची वाट बघत असताना, टीममधल्या तुर्की सहकाऱ्याला सहज वर्णन सांगितलं. पांढरं, गुंडाळी, दालचिनी, धागे. त्याने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "तावुक ग्योसू," म्हणाला.

"म्हणजे?"

"कोंबडीची छाती."

मी हसलो. म्हटलं, असेल काव्यात्मक नाव. तुर्की मिठाईत ‘बाईची बेंबी’ आहे, ‘सुंदरीचे ओठ’ आहेत, ‘वजिराचं बोट’ आहे, ‘बुलबुलाचं घरटं’ आहे. ह्यांपैकी एकातही बेंबी, ओठ, बोट किंवा बुलबुल नसतो. आपल्या गुलाबजामात तरी कुठे जांभूळ असतं! तसंच हेही.

"नाही नाही," तो शांतपणे म्हणाला, "खरंच कोंबडीची छाती."

मग त्याने कृती सांगितली. कोंबडीच्या छातीचं मांस शिजवायचं. हाताने त्याचे केसासारखे बारीक धागे सोडवायचे. ते पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचे, मांसाचा वास पूर्ण जाईपर्यंत. मग दूध, साखर आणि तांदळाची पिठी किंवा स्टार्च ह्यांच्याबरोबर ते घोटत घोटत शिजवायचे, इतके की धागा डोळ्यांना दिसू नये, फक्त जिभेला आणि चमच्याला जाणवावा. वर दालचिनी. कोंबडीची चव अजिबात लागत नाही. तीच तर त्यातली कला.

आणि ते "एत योक"? त्याचंही उत्तर मिळालं. तुर्कीत रोजच्या बोलण्यात ‘एत’ म्हणजे मुख्यतः लाल मांस. कोंबडी ही कोंबडी, तावुक. म्हणजे वेटर खोटं बोलला नव्हता. माझी क्वेरीच चुकीची होती, आणि चुकीच्या क्वेरीला मिळालेलं ‘शून्य रेकॉर्ड्स’ हे उत्तर मी पुरावा म्हणून खिशात घातलं होतं.

त्याहून वाईट म्हणजे, कोणी आम्हाला फसवलं नव्हतं. काचेवरच्या पाटीवर तुर्की भाषेत स्वच्छ लिहिलेलं असणार: कोंबडीची छाती. इतकं प्रामाणिक नाव जगात दुसऱ्या कुठल्या मिठाईला नसेल. पण आम्ही पाटी वाचायच्या आधीच पदार्थाचं बारसं करून मोकळे झालो होतो.

आता तुमच्याकडे वळतो. माझं म्हणणं एवढंच आहे की "अगदी आपल्या अमुकसारखं" हे वर्णन नाही, तो शोध थांबवायचा हुकूम आहे. ते वाक्य उच्चारलं की कुतूहल बंद. बॉस्फरसवर मराठी माणसांनी भरलेल्या बोटीत मी हे कितीदा ऐकलंय. बकलावा म्हणजे आपला चिरोटा, सुतलाच म्हणजे आपली तांदळाची खीर, पिश्मानिये म्हणजे आपली सोनपापडी, लोकुम म्हणजे ‘ते आपलं हे... जेली’. आठ दिवस, दीड लाख रुपये, आणि हाती काय, तर जग म्हणजे थोडं महाग पुणं.

ह्यावर नेहमीचं उत्तर येतं: अरे, तुलना केल्याशिवाय माणूस नवीन काही समजणार कसा? मान्य. आयरन म्हणजे बरंचसं आपलं ताक, हे खोटं नाही. नवीन क्लास जुन्या क्लासवरून लिहायला माझी ना नाही. पण मग पुढची ओळ लिहायला नको का? फरक कुठे आहे तो? दोन फाईल्सची नावं सारखी वाटली म्हणून कोणी त्या न उघडता एक डिलीट करतं का? आपण तिथे डिफ चालवतो. ताटातल्या पदार्थाला मात्र एकच टेस्ट केस पुरते: पांढरं आहे, हलतंय, गोड आहे. पास!

पांढरं, हलणारं, गोड. ह्याच आउटपुटच्या मागे किती वेगवेगळ्या अंमलबजावण्या आहेत ते बघा. खरवस घट्ट होतो कारण चिकात प्रथिनं भरपूर असतात आणि वाफेच्या उष्णतेने ती आपोआप गोठतात. वरून काहीच घालावं लागत नाही. कॅरामल कस्टर्ड घट्ट होतं अंड्याच्या प्रथिनांनी. पन्ना कोट्टा जिलेटिनने, आणि तेही गार झाल्यावर. मुहल्लेबी स्टार्चने. दक्षिण चीनमध्ये गरम दूध आल्याच्या रसावर ओततात आणि आल्यातल्या एन्झाईमने ते थिजतं. आणि तावुक ग्योसू स्टार्च अधिक कोंबडीच्या धाग्यांनी. सहा पदार्थ, सहा कारणं. त्यातले तीन माझी आई खाऊ शकते, तीन नाही. आणि आपल्या भाषेत ह्या सगळ्यांचं एकच वर्णन: खरवसासारखं.

दुसरा आक्षेप: नावात काय आहे, आवडलं ना, खा आणि गप्प बस. हे म्हणणारा माणूस बहुधा सगळं खाणारा असतो आणि त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी नसते. ज्याचं काही पणाला लागलेलं नाही, त्याला नावाची गरज पडत नाही. बाकीच्यांना पडते. आणि पणाला काही नसलं तरी, ज्या माणसाने कोंबडीच्या मांसाचे केसासारखे धागे सोडवून ते दुधात अदृश्य केले, त्याच्या कामाला तुम्ही "यांचा खरवस" म्हणता? उद्या कोणी परदेशी पाहुणा आईच्या पुरणपोळीला "अगदी आमच्या पॅनकेकसारखं" म्हणाला तर आपण घरी गेल्यावर त्याची किती चेष्टा करू!

तिसरा गट मला सर्वांत जास्त खटकतो. म्हणजे आम्ही शाकाहारी. (हो, मीही. घराबाहेर ऑम्लेट सोडलं तर.) आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका सक्तीचा झाला. फार चांगली सोय. पण तिने आपल्याला एक वाईट सवय लावली. तपासायचं काम दुसऱ्या कोणीतरी केलेलं आहे, हे आपण गृहीत धरू लागलो. त्यात आपली पक्की समजूत अशी की गोड म्हणजे शाकाहारी. फार तर अंड्याचा प्रश्न. जगाची डिफॉल्ट व्हॅल्यू आपणच ठरवलेली आहे आणि जगाला कोणी कळवलंच नाही! जिलेटिन, चरबी, कोंबडी, हे गोडात असू शकतं ही शक्यताच आपल्या फॉर्ममध्ये नाही. मग प्रश्न विचारणार कुठून?

आणि आता ज्यांच्या तोंडून केव्हाचं "शी! गोडात कोंबडी!" निघायचं थांबलंय, त्यांच्यासाठी. हा तुर्कांचा विक्षिप्तपणा नाही. बगदादमध्ये दहाव्या शतकात लिहिलेल्या पाककृतींच्या ग्रंथात एक पदार्थ आहे: गोड पावाच्या थरावर कोंबडी लटकवून भाजायची, म्हणजे तिचा रस खालच्या गोडात उतरतो. इंग्लंडच्या राजाच्या आचाऱ्यांनी साधारण 1390 च्या सुमारास जो पाकग्रंथ लिहिला, त्यात ‘ब्लाँमाँजे’ म्हणजे ‘पांढरं खाणं’ आहे: खस्सी कोंबड्याचं मांस, तांदूळ, बदामाचं दूध, साखर. अशीच ‘पांढरी खाणी’ कातालान आणि पोर्तुगीज जुन्या ग्रंथांतही आहेत. त्या काळी साखर हा मसाल्यासारखा महागडा जिन्नस होता. गोड आणि तिखट-मिठाचं अशी आज आहे तशी भिंत तेव्हा नव्हती. श्रीमंताच्या ताटातलं सगळं महाग आणि पांढरं एकत्र करायचं, ही कल्पना. पुढे युरोपातल्या पुडिंगमधून कोंबडी गेली. इंग्लंडात शेवटी उरलं ते कॉर्नफ्लॉवर घालून साच्यात लावलेलं मुलांचं दूध-पुडिंग. इंग्रजांच्या नाताळातल्या मिन्स पायमध्येही एके काळी खरंच खिमा असायचा. तुर्कांनी फक्त कोंबडी काढली नाही, एवढंच. आणि शी म्हणण्यापूर्वी एकदा हेही आठवा की खरवस म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या वासरासाठी गाईला आलेलं पहिलं दूध. बाहेरच्या माणसाला ते सांगून बघा, त्याचा चेहराही बघण्यासारखा होतो.

जिलबी अरबी-फारसी मुलखातून आली, बर्फीचं नाव फारसी बर्फावरून पडलं, हलवा हा शब्द अरबी. ज्या ताटाच्या जोरावर आपण "आपलं, आपलं" म्हणतो ते ताटच असं आहे. असो. तो एका वेगळ्या शनिवारचा विषय.

आता राहिली आई.

तिला सांगायचं की नाही ह्यावर माझं आणि बायकोचं आठवडाभर चाललं होतं. बायकोचं म्हणणं सरळ होतं. "पाच वर्षं झाली. त्यांना माहीत नाही, त्यांना त्रास नाही. तू सांगितलंस की त्यांना आयुष्यभर टोचेल. कोणासाठी सांगतोयस, त्यांच्यासाठी की स्वतःच्या समाधानासाठी?" प्रश्न बिनतोड होता. माझ्याकडे पळवाटही होती. सहकारी म्हणाला होता की आजकाल बरीच दुकानं आणि घरी करणारे कोंबडी न घालताच हे करतात. त्याला ‘यालांजी तावुक ग्योसू’ म्हणतात. यालांजी म्हणजे खोटारडी. खोटारडी कोंबडीची छाती! म्हणजे आईने खाल्लं ते खोटारडंच होतं असं स्वतःला पटवता आलं असतं. पण तो धागा मी डोळ्यांनी पाहिला होता.

शेवटी मला जे पटलं ते असं: पहिल्या वेळी मी तिच्या वतीने ठरवलं की हा खरवस आहे. आता न सांगणं म्हणजे पुन्हा तिच्या वतीने ठरवणं की तिला काय झेपेल. एकाच माणसाला एकाच पदार्थाबद्दल दोनदा अंधारात ठेवायचं. पहिल्या वेळी निदान माहीत नव्हतं.

एका रविवारी दुपारी चहा झाल्यावर सांगितलं. सगळं. एत, तावुक, पाटी, यालांजी. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग विचारलं, "किती वेळा खाल्लं मी?"

"तीनदा."

"तू पाटी वाचली नव्हतीस?"

"नाही."

उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी तिने उपास धरला. एकादशी नव्हती, चतुर्थी नव्हती. तिने कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बायको माझ्याशी दोन दिवस जेवढ्यास तेवढं बोलत होती. मला वाटलं, हिचंच बरोबर होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होतो. आई कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे तो धागा त्या कोंबडीचा होता."

"हो."

"मग दुधाला कुठून येणार होता!" थोडा वेळ मळत राहिली. "पाच वर्षं मला वाटत होतं माझा हात गेला."

त्या क्षणापर्यंत मी सगळा हिशेब पापाचा करत होतो. तिच्या नेमाचा, माझ्या चुकीचा. हा दुसरा हिशेब माझ्या लक्षातच आला नव्हता. माझ्या एका आळशी तुलनेमुळे एक पट्टीची स्वयंपाकीण पाच वर्षं स्वतःला दोष देत होती. जे दुधातून येणं शक्यच नव्हतं ते दुधातून काढायचा प्रयत्न करत होती. स्पेसिफिकेशन मी चुकीचं दिलं होतं आणि बग ती स्वतःच्या हातात शोधत होती.

त्या पावसाळ्यात कोणीतरी गावाहून चीक आणून दिला. आईने खरवस केला, जायफळ-वेलदोडा घालून. वड्या पाडल्या. चमचा वर उचलून बघितला नाही.

तर मंडळी, ह्यापुढे परदेशात काही अफलातून गोड खाल्लंत तर तीन गोष्टी करा. पाटीचा फोटो काढा, पदार्थाच्या आधी. नाव मोठ्याने वाचा आणि दुकानदाराकडून दुरुस्त करून घ्या. त्याला आनंदच होतो. आणि ‘हे घट्ट कशाने झालं?’ एवढा एक प्रश्न विचारा, कारण पांढऱ्या गोडातलं बहुतेक रहस्य त्या एका प्रश्नात असतं. जे खात नाही त्याची त्या भाषेतली वेगवेगळी नावं लिहून घेऊन जा: मांस वेगळं, कोंबडी वेगळी, मासा वेगळा, अंडं वेगळं. एवढं करून मग खुशाल म्हणा, आपल्या खरवसासारखं आहे, *पण*. त्या ‘पण’साठीच तर विमानाचं तिकीट काढलेलं असतं.

आता मंगळवारी मी गप्प का बसलो ते. आठ जणांसमोर, तोंडात घास असताना, "तू खाल्लंस त्यात जनावराचं हाड होतं" असं सांगणं म्हणजे माहिती देणं नव्हे. तो तमाशा झाला असता, आणि पुढचं वर्षभर लोकांनी तिला त्यावरून छळलं असतं. पण न सांगणंही मला आता जमणार नाही. तेव्हा सोमवारी तिला एकटीला कॉफीला नेणार आहे. पन्ना कोट्टा हे नाव एका कागदावर लिहून ठेवलंय, आणि चायना ग्रास घालून तो घरी कसा करायचा तेही. कृती आईची आहे.